ताईचा दगड

भिंतीवर एक दगडी पाटी लावायची, त्यात एवढं काय, असं मला वाटलं होतं. गवंडी येईल, भिंतीत खाचा मारेल, सिमेंट भरेल, झालं काम. तोवर सरकारी समारंभाशी माझी कधी गाठ पडली नव्हती, म्हणून असं वाटलं. दिवसभर कॉर्पोरेशनच्या शाळेत पोरांवर ओरडून घसा बसलेला, संध्याकाळी घरी आलं की स्वयंपाक, मायची औषधं, तिचे पाय चेपणं, आणि त्यात हे पाटीचं लचांड. त्या एका पाटीपायी मी जेवढी थकले तेवढी सगळ्या नोकरीनं थकले नाही. कोणी म्हणेल, बाई वाढवून सांगते. म्हणू दे बाप्पा, मला आता कोणाशी वाद घालायचा नाही.

पाटी माझ्या थोरल्या बहिणीची होती. ताई लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढायची. साठच्या दशकात ती इथंच, नागपूरच्या एका चित्रकलेच्या शाळेत शिकली, आणि पुढं अंगात जीव होता तोवर पुण्या-मुंबईच्या मासिकांना आणि गोष्टींच्या पुस्तकांना चित्रं पाठवत राहिली. लग्न केलं नाही. हृदयाची झडप लहानपणीच बिघडलेली होती. डॉक्टरांनी सांगितलं आणि ताईनं ऐकून घेतलं, बस. चाळिशी लागायच्या आधी गेली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तिच्या शाळेला वाटलं की आपल्या या विद्यार्थिनीचा एक स्मृतिफलक भिंतीवर असावा. चांगलंच वाटलं त्यांना. मी कशाला नाही म्हणू?

आमचं घर विणकरांचं. पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत आम्ही. बाप मागावर बसे आणि माय चरख्यावर कांड्या भरे. लुगड्याला आडवं लागतं ते सूत लहान लहान कांड्यांवर गुंडाळून द्यायचं, हे तिचं जन्मभराचं काम. तिच्या अंगठ्याचं पेर त्या सुतानं कायम चिरलेलं असे. घरात लेक जन्मली की कांड्या भरायला आणखी दोन हात आले, असा आमच्याकडचा साधा विचार. ताईचे दोन हात मात्र कोळसा घेऊन भिंतीवर चालत. भाद्रपद जवळ आला की चितारओळीत गणपती रंगवायला लागत, तेव्हा ती तिथं जाऊन उभी राही आणि माय तिला शोधत गल्लीगल्ली फिरे. सापडली की आधी धपाटा, मग विचारपूस.

मॅट्रिक झाल्यावर ताई म्हणाली, मला चित्रकलेच्या शाळेत जायचं आहे. बाप मागावर बसल्या बसल्या हसला. "मंग काय, गणपती रंगवशीन का वं?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला खरंच दुसरं काही सुचलं नसावं. माय हसली नाही. "जाऊ द्या तिले," ती म्हणाली, "तिच्या वाटणीच्या कांड्या मी भरीन." आणि भरल्या तिनं. ताई सकाळी डबा घेऊन पायी बर्डीकडे, शाळेला निघे, तेव्हा माय चरख्यावर बसलेली असे. संध्याकाळी हाताला रंग लावून परत येई, तेव्हाही माय तिथंच. मी लहान होते, मला हेवा वाटायचा. माझ्यासाठी कोणी जास्तीच्या कांड्या भरल्या नाहीत, असं मी एकदा बोलूनही दाखवलं होतं. "तू मागितलं काय?" असं मायनं विचारलं. खरंच, मी काही मागितलंच नव्हतं.

ताईच्या चित्रांतली मुलं आमच्या गल्लीतली असत. गुडघे खरचटलेले, चड्डीची नाडी लोंबते आहे, एक पोट्टी बकरीचा कान धरून तिला पाढे शिकवते आहे. पुण्याच्या एका संपादकांनी कळवलं की मुलं जरा गोरीगोमटी दाखवावीत. ताईनं पुढच्या चित्रात आणखी चार काळी पोरं काढून पाठवली आणि वर एक म्हैस. तिचा राग असा, गालातल्या गालात. माझा तसा नाही. तुझ्या नाकावर माशी बसत नाही, असं ती मला म्हणायची, आणि खोटं नाही ते.

मासिक टपालानं आलं की माय हात धुई, पदराला पुसे, आणि मगच ते मांडीवर घेई. माय शाळेत गेली नव्हती. एक अक्षर तिला ओळखता येत नव्हतं; औषधाच्या बाटल्या ती झाकणाच्या रंगावरून ओळखायची. चित्रं मात्र ती तासभर पाहात बसे. आणि पाहून झाली की तिचा एकच प्रश्न असे, "यात तिचं नाव कुठं आहे?"

मी शोधायची. गोष्टीवर लिहिणाऱ्याचं नाव ठळक छापलेलं असे. शेवटच्या पानावर संपादकांचं, छापखान्याचं, वर्गणी कोणाच्या नावानं पाठवायची त्याचंही. चित्रकाराचं नसे. तेव्हा तशीच पद्धत होती बहुतेक ठिकाणी.

"नाही, माय."

"काहून नाही? चित्र काय भुतानं काढले?"

ताई म्हणे, "राहू दे ना, माय. लेकरं काय नाव पाहतात का?" माय अंक मिटून ठेवी. पुढच्या महिन्यात अंक आला की पुन्हा तेच विचारी.

काढलेली चित्रं छापखान्यात जात आणि परत येत नसत. घरातल्या अंकांना वाळवी लागली. पुस्तकं शेजारच्या पोरांनी फाडली. मुलांची पुस्तकं म्हणजे फाटायचीच, त्याचं काही नाही. पण ताई गेली तेव्हा घरात तिचं म्हणून काही म्हणजे काही उरलं नव्हतं. एक फोटो होता, शाळेच्या गटाचा, त्यात ती दुसऱ्या रांगेत कोणाच्या तरी खांद्यामागं अर्धी.

ताईच्या शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला, मी जाऊन प्राचार्यांना भेटले, आणि घरी येऊन मायला सांगितलं. बाप तोवर जाऊन बरीच वर्षं झाली होती, माग मोडून विकला होता, घरात आम्ही दोघीच. माय खाटेवर बसून लसूण सोलत होती.

"कुठं लिवणार नाव?" तिनं विचारलं.

"दगडावर. पांढरा संगमरवर. शाळेच्या भिंतीत बसवणार."

"म्हणजे पुसल्या नाही जाणार?"

"नाही."

"फाटणार बी नाही."

"दगड कुठं फाटते, माय?"

तिनं लसणाची एक पाकळी सोलून ताटात टाकली. मग म्हणाली, "एक दगड तं दहाव्याले नदीत सोडला. हा राहीन." माणूस गेलं की चितेजवळचा एक खडा दहा दिवस जपून ठेवतात, त्याला पाणी देतात आणि दहाव्याला नदीत सोडून देतात. त्या खड्याचं ती म्हणत होती. तिचे हात सोलतच होते.

"मले पाह्यचं आहे तिचं नाव," ती म्हणाली.

"तुले वाचता कुठं येते?"

"पाहता तं येते ना वं."

त्या दिवसापासून मी दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला. "ताईचा दगड लागला का वं?" दमून आलेल्या माणसाला रोज एकच गोष्ट विचारली की तो चिडतो. मीही चिडायची. "लागला की सांगीन ना!" असं ओरडायची आणि मग चुलीपाशी जाऊन मलाच वाईट वाटायचं. तिचा दमा वाढत चालला होता. तिच्याकडं फार वेळ नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. बोलत दोघीही नव्हतो. मी मनाशी एवढंच धरलं होतं की हिनं ते नाव डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जाऊ नये. बाकी काही झालं नाही तरी चालेल.

प्राचार्य माणूस भले होते, हे आधी सांगते. नव्यानंच आले होते, ताईला त्यांनी पाहिलंही नव्हतं, तरी फलकाची कल्पना त्यांचीच. मजकुराचा कागद त्यांनी माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "बघा बाई, काही चुकलं असेल तर सांगा."

नावं मी इथं लिहीत नाही. त्या दगडावर ती पुष्कळ लिहून झाली आहेत. पहिल्या ओळीत, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, मा. ना. श्री. अमुक अमुक. त्याखाली, राज्यमंत्री, यांच्या शुभहस्ते. मग अध्यक्षस्थानी संस्थेचे तमुक. मग प्रमुख उपस्थिती, तीत दोन नावं. मग 'या संस्थेच्या माजी विद्यार्थिनी व मुलांच्या चित्रकार' आणि ओळीत उरली तेवढ्या जागेत 'कै. कु.' करून ताईचं नाव. शेवटी 'यांच्या स्मृतिफलकाचे अनावरण संपन्न झाले.'

"सर, ही पाटी कोणाची आहे?" मी विचारलं.

"तुमच्या ताईंची, अर्थातच."

"मग हे वरचे साहेब कोण? चित्रं यांनी काढली का?"

ते कसनुसं हसले. "बाई, पद्धत आहे ती. तुम्ही कुठलाही फलक पाहा. हापशीचा पाहा, समाजमंदिराचा पाहा. ज्यांच्या हस्ते, त्यांचं नाव वर."

"हापशीले नाव नसते, सर. माझ्या बहिणीले होतं."

चिडले की माझी शाळेतली भाषा गळून पडते आणि घरची बाहेर येते. त्या दिवशी ती बरीच बाहेर आली. ताईचं नाव वर घ्या, असं मी म्हणाले. नाही तर निदान अक्षरं सारखी करा म्हणाले. प्राचार्य ते संस्थेच्या समितीकडं घेऊन गेले आणि समितीचं उत्तर घेऊन परत आले. मग मी पुन्हा गेले. मग पुन्हा बैठक. हळूहळू मला कळलं की घोडं कुठं अडलंय. शाळेला दोन नव्या वर्गखोल्या हव्या होत्या, त्यांचा अर्ज त्याच मंत्र्यांकडं पडलेला. त्यांचं नाव लहान केलं तर ते येणार नाहीत, आले नाहीत तर खोल्या गेल्या. ताईच्या दगडाच्या शेपटीला त्या खोल्या बांधलेल्या होत्या. आता खोल्याही मुलांसाठीच ना? तिथं भांडायचं तरी कसं? पोरांना व्हरांड्यात बसवून शिकवणं काय असतं, ते मला कोणी सांगायला नको होतं.

समितीतले एक वयस्कर गृहस्थ शेवटी मला म्हणाले, "नाव तर आहे ना, बाई? पुष्कळांचं तेही नसतं." गृहस्थ काही खोटं बोलले नव्हते, म्हणून जास्तच लागलं. दिवाळी होऊन गेली होती. आणखी ताणलं असतं तर दगड वर्षभर मागं पडला असता, आणि घरी माय खाटेवर दाराकडं तोंड करून बसलेली. मी हो म्हणून टाकलं. म्हणताना तोंड कडू झालं. घरी येऊन मायला एवढंच सांगितलं, की डिसेंबरात लागतो दगड.

आमच्या शहरात समारंभ डिसेंबरातच होतात. हिवाळी अधिवेशनाला अख्खं सरकार मुंबईहून नागपूरला येतं, आणि वर्षभर थोपवून धरलेल्या कोनशिला, उद्घाटनं, सत्कार, सगळं त्या दोन-तीन आठवड्यांत उरकून घ्यायचं, ही इथली रीत. मंत्री सकाळी एकीकडं फीत कापतो, दुपारी दुसरीकडं नारळ फोडतो, आणि संध्याकाळी तिसरीकडं त्याच्या गळ्यात हार पडतो. ताईचा दगडही त्याच रांगेत लागला.

त्या दिवशी मायनं बापाच्या मागावरचं शेवटचं लुगडं नेसलं. मी तिला सायकलरिक्षानं नेलं. मांडवात आम्हाला पहिल्या ओळीत बसवलं. समोर व्हरांड्याच्या भिंतीवर हिरवा पडदा, कड्यांवर चढवलेला, बाजूला ओढायची दोरी. मायची नजर त्या पडद्यावरून हटत नव्हती. कोणी येऊन नमस्कार केला तरी ती पडद्याकडं पाहातच हात जोडी.

मंत्री आले नाहीत. आधी कळलं, मोर्चानं रस्ता अडलाय. मग कळलं, सभागृहात मतदान आहे. मग कोणी धावत येऊन सांगितलं, निघाले, निघाले! स्वागतगीताच्या पोरी उभ्या राहिल्या, पेटीवाल्यानं सूर धरला, आणि मग पोरी पुन्हा बसल्या. असं दोनदा झालं. थंडीचं ऊन मांडवाच्या कनातीवरून खाली सरकलं. शेवटी बातमी आली की साहेब दुसऱ्याच कार्यक्रमाला गेले आणि तिथून परस्पर विमानतळावर. प्राचार्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

मायनं मला कोपरानं ढोसलं. "हा पडदा कोण सरकवते?"

"मंत्री."

"तो तं येऊन नाही राहिला."

"तेच तं."

"मंग आपण सरकवू ना. दोन बोटाचं काम आहे."

समितीचे ते वयस्कर गृहस्थ मागंच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि घाबरून पुढं आले. "नाही नाही, आजी, असं करता येत नाही. दगडावर त्यांचं नाव आहे."

"काहून नाही येत? पोट्टी तं माही आहे ना!"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला तिथंच ओरडावंसं वाटलं. पण मांडवात पाहुणे होते, पोरी होत्या, आणि माझ्या अंगात त्राण नव्हतं. मी मायचा हात धरून तिला उठवलं. घरी आल्यावर तिनं लुगड्याची घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "वर ठेवून दे. पुन्हा लागीन."

अधिवेशन संपलं, सरकार मुंबईला परत गेलं. प्राचार्यांनी पत्रावर पत्रं पाठवली. तारीख काही मिळेना. होळी झाली आणि मंत्रिमंडळात बदल झाले, आणि आमच्या मंत्र्यांचं मंत्रिपदच गेलं. रेडिओवर बातमी लागली तेव्हा मी कणीक मळत होते. मला हसू फुटलं. असलं हसू की माय घाबरून विचारू लागली, काय झालं वं, काय झालं? काय सांगणार तिला? दगडावर 'राज्यमंत्री' कोरलेलं आणि माणूस आता राज्यमंत्री नाही. त्याला बोलवावं तर शाळेला उपयोग नाही, दुसऱ्याला बोलवावं तर नाव पहिल्याचं. नवा दगड करावा तर समितीची बैठक हवी, आणि बैठकीला माणसं जमेनात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्या पाटीची गत झाली.

मी मधून मधून जाऊन पाहून यायची. माझी शाळा सुटली की तशीच, खडूच्या हातांनी, बस पकडायची. व्हरांड्यात पडदा तसाच. धुळीनं हिरव्याचा मातकट झालेला, एका कडीला कोळ्याचं जाळं. मुलं येता-जाता त्याला पाठ टेकून उभी राहात. त्यांना त्यामागं काय आहे ते ठाऊकही नसावं. मी त्यांना काही म्हटलं नाही, उलट बरं वाटलं, कोणी तरी तिच्याजवळ उभं राहतंय. मग बस पकडून घरी.

उन्हाळा चढला आणि माय खचली. आतल्या खोलीतून ओसरीपर्यंत यायला तिला दोनदा थांबावं लागे. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, आता औषधानं फार फरक पडणार नाही. घरी तिनं माझ्या तोंडाकडं पाहूनच ओळखलं. आणि तिनं विचारणंच बंद केलं. मी दारात आले की नुसती पाहायची. रोज विचारायची तेव्हा मी चिडायची, आता विचारत नव्हती तर जीव तुटायचा.

शेवटी एका दुपारी मी प्राचार्यांच्या खोलीत शिरले आणि बसलेच नाही.

"सर, मले समारंभ नको. हार नको, भाषण नको. माझी माय जाऊन राहिली आहे. तिले एक खेप त्या पडद्यामागचं पाहू द्या. तुम्ही नाही म्हणाल तं मी पडदा फाडून दाखवीन. मंग करा माझ्यावर पोलीस केस!"

एवढं बोलले आणि रडू आलं. रडू आलं की मला आणखी राग येतो, म्हणून मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. वळून पाहिलं तर प्राचार्य चष्मा काढून डोळे चोळत होते. टेबलावर परीक्षेच्या चित्रांचे गठ्ठे, पंख्याच्या गरम वाऱ्यानं त्यांचे कोपरे फडफडताहेत. तेही माझ्यासारखेच दमलेले दिसले.

"मलाही त्या पडद्याकडं पाहवत नाही, बाई," ते म्हणाले. "रविवारी सकाळी या. चौकीदार दार उघडेल. मी काही पाहिलेलं नाही."

रविवारी ऊन चढायच्या आत आम्ही निघालो. ठेवणीतलं लुगडं नेसायची ताकद मायच्या अंगात नव्हती, घरच्याच लुगड्यावर निघाली. रिक्षावाल्याला मी दहा वेळा सांगितलं, भाऊ, हळू. चौकीदारानं फाटक उघडलं आणि तो चहा प्यायला निघून गेला. रिकाम्या शाळेत तारपिनाचा वास होता. ताईच्या अंगाला यायचा तोच. मायनं नाकानं ओळखला बहुतेक, कारण ती खांबाला धरून थांबली.

"इथं बसे का ती?"

"वरच्या वर्गात. जिना चढून."

"बरं," माय म्हणाली. जिन्याकडं पाहिलं तिनं, पण वर जायचं काही बोलली नाही.

मी दोरी ओढली. कड्या अडकल्या. जोर लावला तेव्हा पडदा एकदम सरकला आणि सगळी धूळ दगडावर आणि आमच्या दोघींच्या अंगावर बसली. माय खोकली. मी तिला पाणी पाजलं. मग आम्ही पाहिलं.

तो मजकूर मी कागदावर इतक्या वेळा वाचला होता की तोंडपाठ झाला होता. तरी दगडात पाहून डोकं पुन्हा तापलं. वरची ओळ बोटभर जाड, काळीकुळकुळीत. खाली खाली अक्षरं लहान होत गेलेली. ताईचं नाव मला शोधावं लागलं. मला, तिच्या पाठच्या बहिणीला! सापडलं तेव्हा मी मायला दाखवायला बोट उचललं. म्हणणार होते, हे बघ, माय, हे इथं, खाली.

त्याआधीच तिचा हात वर गेला होता. टाचा उंच करून, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून, तिनं वरच्या मोठ्या ओळीवर तळवा टेकला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मंत्र्याच्या नावावरून. सावकाश, ताप आलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवतात तसा. मग दोन्ही हात कानशिलाशी नेऊन तिनं कडाकडा बोटं मोडली. ताई मॅट्रिक झाली त्या दिवशी मोडली होती तशी. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहात होतं आणि ती हसत होती.

"एवढं मोठं लिवलं वं!" ती म्हणाली. "मले वाटलं, कुठं कोपऱ्यात लहानसं असन."

मी मास्तरीण, पोरांनी खोटं सांगितलं की कान धरणारी. खरं सांगायचं तर एक बोट खाली न्यायचं होतं, बस. पण वर्षभर भांडून मला जे मिळालं नव्हतं, ते तिला आता मिळालं होतं. ते मी तिच्या हातून काढून घेऊ?

"हौ, माय," मी म्हणाले. "मोठं लिवलं."

"चांगलं केलं त्यायनं." तिनं पदरानं ती ओळ नीट पुसली, धुळीचा कण राहू दिला नाही. मग जरा वाकून खालच्या ओळींकडं पाहू लागली. तिचं बोट एकेका ओळीवरून सरकत आलं आणि ताईच्या नावावर थांबलं.

"अन् हे बारीक कोणाचं आहे?"

"ते मंत्रीसाहेबाचं."

"बाप्पा! एवढ्या मोठ्या माणसाचं इतकंसं? त्याले राग नाही आला?"

"नाही आला."

"भला माणूस असन," माय म्हणाली. आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळून तिनं ते बारीक नावही पुसून दिलं.